हरि नारायण आपटे : साप्ताहिकाच्या पानांवर घडलेला कादंबरीकार

मराठी कादंबरीचा विषय निघाला की हरि नारायण आपटे हे नाव सर्वप्रथम घेतले जाते. शाळेच्या पुस्तकात त्यांचा एखादा उतारा आपण वाचलेला असतो, ‘गड आला पण सिंह गेला’ हे नाव तर न वाचणाऱ्यालाही ठाऊक असते. परंतु हरिभाऊ हे पाव शतकाहून अधिक काळ एका साप्ताहिकाचे संपादक होते आणि त्यांच्या बहुतेक मोठ्या कादंबऱ्या त्या साप्ताहिकाचा अंक भरण्यासाठी, आठवड्यामागून आठवडा लिहिल्या गेल्या, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आमच्या मते त्यांच्या लेखनाचे सामर्थ्य आणि त्यातील उणिवा या दोहोंचे मूळ तेथेच आहे. म्हणून या लेखात कादंबरीकार हरिभाऊंबरोबरच संपादक हरिभाऊंचाही परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे या गावी झाला. आई लहानपणीच गेली. त्यांचे काका महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईच्या उच्च न्यायालयातील नामांकित वकील होते. हरिभाऊंचे बालपण मुंबईत या एकत्र कुटुंबात गेले आणि १८७८ मध्ये आपटे मंडळी पुण्यास आली. याच काकांनी पुढे १८८८ मध्ये संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह व प्रकाशन करण्यासाठी आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. पुण्यातील आमच्या ज्या वाचकांचे अप्पा बळवंत चौकातून नित्य जाणेयेणे असते, त्यांच्या वाटेवरच ही वास्तू आहे. मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी त्या चौकातील गर्दीत शिरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की मराठीतील पहिला थोर कादंबरीकार येथे राहत होता आणि या संस्थेचा सारा कारभार पाहत होता!

हरिभाऊंना शिक्षक लाभले ते असे, की त्यांची नावे नुसती वाचली तरी त्या काळाचा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहावा. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि हरिभाऊ तेथे दाखल झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर हे सारे तेथे शिकवीत होते. पुढच्याच वर्षी याच मंडळींनी ‘केसरी’ काढला. म्हणजे जे हात वर्गात खडू धरीत, तेच रात्री अग्रलेख लिहीत. सोळा-सतरा वर्षांच्या तल्लख मुलाच्या मनावर याचा काय संस्कार झाला असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. लेखन हे कोणा ऋषितुल्य पंडिताने एकान्तात करावयाचे काम नसून लोकांपर्यंत ठरलेल्या दिवशी पोहोचवावयाची वस्तू आहे, हे त्याने शाळेतच पाहिले. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री अकाली गेले तेव्हा या विद्यार्थ्याने त्यांच्यावर एक विलापकाव्य रचले. त्यानंतर आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ या नावाने भाषांतर केले, तर शिष्याने त्यावर प्रदीर्घ टीकालेख लिहिला. गुरूच्या पुस्तकातील उणेदुणे इतक्या बारकाईने काढणारा शिष्य आणि ते सोसणारा गुरू, दोघेही विरळाच म्हणावे लागतील.

१८८३ मध्ये मॅट्रिक झाल्यावर ते महाविद्यालयात गेले खरे, पण गणिताने त्यांची वाट अडवली आणि पदवी हाती न घेताच त्यांनी शिक्षण सोडले. इंग्रजी व संस्कृत साहित्याचे त्यांचे वाचन मात्र अफाट होते. नोकरी त्यांनी केली नाही. काकांच्या छत्राखाली घरचे बरे असल्याने पोटासाठी लिहिण्याची वेळही त्यांच्यावर आली नाही. ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते, कारण लेखणीवर संसार चालविणे त्या काळी मराठीत जवळजवळ अशक्य होते. हरिभाऊंनी लेखन हा व्यवसाय मानला तो शिस्तीच्या अर्थाने.

१८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ या पत्रात त्यांची ‘मधली स्थिती’ ही पहिली कादंबरी क्रमशः येऊ लागली. तीवर रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची छाया आहे. हा रेनॉल्ड्सही वृत्तपत्रकारच होता. परंतु महत्त्वाचे आहे ते हरिभाऊंनी आपल्या सामाजिक कादंबऱ्यांच्या मालेला दिलेले नाव : ‘आजकालच्या गोष्टी’. त्यापूर्वी मराठीत ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे राज्य होते. राजपुत्र, राजकन्या, विमाने, दैवी योगायोग यांत वाचक रमत असत. ‘आजकालच्या’ हा शब्द मुळात वृत्तपत्राचा आहे. काल काय घडले व आज काय चालले आहे, ते सांगणे हा पत्रकाराचा धर्म. तोच शब्द कथेच्या माथ्यावर आल्याबरोबर कादंबरी राजवाड्यातून निघून सदाशिव पेठेतल्या वाड्यात, तिथल्या माजघरात आणि स्वयंपाकघरात आली.

येथे आमच्या वाचकांनी आणखी एका पूर्वसूरीची आठवण ठेवली पाहिजे. हिंदू विधवांच्या दुःखावर मराठीत पहिली कादंबरी लिहिली ती बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने. त्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. बाबाही नियतकालिके चालविणारे संपादकच होते. ‘यमुनापर्यटन’ची नायिका यमुना, आणि हरिभाऊंच्या सर्वश्रेष्ठ कादंबरीची नायिकाही यमूच. हा योगायोग असो वा नसो, दोन्ही यमुना एकाच दुःखाच्या वाटसरू आहेत. फरक इतकाच, की बाबांची यमुना महाराष्ट्रभर प्रवास करून विधवांच्या कहाण्या ऐकते, तर हरिभाऊंची यमू स्वतःचीच कहाणी सांगते.

त्या कादंबरीकडे वळण्यापूर्वी १८९० हे साल पुण्यात कसे होते ते पाहू. विवाहातील संमतिवयाचा कायदा व्हावा की नाही, यावरून शहर दुभंगले होते. आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडून दोन वर्षांपूर्वी निघालेल्या ‘सुधारक’मधून लिहीत होते. ऑक्टोबरमध्ये पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी चहा प्याली म्हणून ग्रामण्य माजले आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात ओढले गेले. पंडिता रमाबाईंनी आपले शारदासदन त्याच वर्षी मुंबईहून पुण्यास आणले. दर आठवड्याला एक पत्र दुसऱ्यावर तुटून पडत होते. आपल्या पुणे धर्मप्रांताची स्थापना १८८६ ची, म्हणजे तो तेव्हा अवघा चार वर्षांचा होता.

अशा रणधुमाळीत, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. नावावरूनच त्यांचा हेतू कळतो. राजकारणावरील जळजळीत लेख, वैयक्तिक उखाळ्यापाखाळ्या यांना तेथे थारा नव्हता. घरातील लहानथोर सर्वांनी, विशेषतः नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या स्त्रियांनी वाचावे असे ते पत्र होते. कादंबरी, लघुकथा, चरित्रे, शास्त्रीय माहिती, चुटके, कविता असा त्यातील मजकूर असे. हरिभाऊ सुधारणेचे पक्षपाती होते, आगरकरांचे शिष्य होते, पुढे गोखल्यांचे सहकारी झाले. तरीही त्यांनी आणखी एक वादपत्र काढले नाही. हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धोरणी निर्णय होय असे आम्हांला वाटते. ‘सुधारक’ वाचून जो गृहस्थ संतापाने अंक भिरकावून देई, त्याच्याच घरात त्याची सून ‘करमणूक’ उघडून पुढे काय झाले ते वाचू शकत होती. अग्रलेख ओसरीवर अडत होता, गोष्ट माजघरापर्यंत जात होती.

‘करमणूक’च्या आरंभीच सुरू झालेली ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९३ पर्यंत चालली. यमू ही पुण्यातील एका मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातील मुलगी आपले आत्मचरित्र सांगते आहे, अशी तिची रचना. माहेरचे बालपण, भावाची माया, लहान वयातील लग्न, सासरचा जाच, मग समंजस पती रघुनाथरावांबरोबर मुंबईतील थोड्या सुखाचे दिवस, त्यांचा मृत्यू, आणि अखेर वडीलधाऱ्यांनी बळजबरीने केलेले केशवपन. तिच्याबरोबर तिची मैत्रीण दुर्गी हिचीही होरपळ आपण पाहतो. या कथेत मोठे खलपुरुष थोडे आहेत. छळ करणारी माणसे रूढीप्रमाणे वागणारी, देवधर्म करणारी, शेजारीपाजारी दिसतात तशीच आहेत, आणि म्हणूनच ती अधिक भयंकर वाटतात.

पुरुष लेखकाला हे स्त्रीमन कोठे गवसले? याचे उत्तर त्यांच्या एका स्नेहात आहे. गोविंद वासुदेव कानिटकर आणि त्यांच्या पत्नी काशीबाई यांच्याशी हरिभाऊंचा अतिशय निकटचा घरोबा होता. घरच्यांच्या रोषाला तोंड देत काशीबाई लिहायला-वाचायला शिकल्या होत्या आणि पुढे मराठीतील आद्य लेखिकांत त्यांची गणना झाली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनीच लिहिले. हरिभाऊ त्यांना आपले लेखन दाखवीत, त्यांच्याशी पत्रव्यवहार करीत, घरांतील स्त्रियांच्या आयुष्याविषयी ऐकत. एखादा चांगला बातमीदार जसा ज्याने स्वतः पाहिले आहे त्याच्याकडे जातो, तसे ते माहितीच्या मुळाशी गेले. यमूच्या बोलण्यातील घरगुती लय, तिचे मध्येच थांबणे, मूळ मुद्दा सोडून आठवणीत शिरणे, हे कोणा पंडिताच्या टेबलावर तयार झालेले नाही. ते ऐकलेले आहे.

आता या पद्धतीचे व्यावहारिक अंग पाहू, कारण संपादनाचे काम करणाऱ्यांना त्यात विशेष रस वाटेल. ‘करमणूक’मध्ये साधारणपणे एकाच वेळी दोन कादंबऱ्या चालत, एक सामाजिक व एक ऐतिहासिक. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ चालू असतानाच ‘म्हैसूरचा वाघ’ ही टिपू सुलतानावरील कथाही येत होती. ‘मी’ या सामाजिक कादंबरीपाठोपाठ १८९५ ते १८९७ या काळात ‘उषःकाल’ ही शिवकालावरील विस्तीर्ण कादंबरी आली. पुढचे प्रकरण लिहून होण्याआधीच मागचे छापून वाचकांच्या हाती गेलेले असे. एकदा छापलेले पात्र मागे घेता येत नाही, चुकलेला धागा गुपचूप उसवता येत नाही. ज्यांनी कधी नियतकालिकाचा मजकूर वेळेवर देण्याची धडपड केली आहे, त्यांना छापखान्यातून येणारा निरोप काय असतो ते सांगावयास नको. हरिभाऊंनी हा निरोप वर्षानुवर्षे ऐकला.

इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकन्स याने हेच केले होते. १८५० मध्ये त्याने स्वतःचे साप्ताहिक काढले आणि १८५४ मध्ये ‘हार्ड टाइम्स’ ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. परंतु डिकन्सपाशी औद्योगिक लंडनचा प्रचंड वाचकवर्ग होता. हरिभाऊंपाशी साक्षरतेच्या उंबरठ्यावर उभा असलेला मराठी समाज होता, आणि त्यातील वाचक त्यांना लिहिता लिहिताच घडवावे लागले.

या पद्धतीची किंमतही त्यांनी मोजली. त्यांच्या कादंबऱ्या पसरट आहेत, हा आक्षेप समीक्षकांनी वारंवार घेतला आणि तो खोटा नाही. कोठे संवाद लांबतो, कोठे लेखक कथा थांबवून वाचकाला उपदेश करू लागतो, कोठे रहस्य लांबविण्यासाठी रहस्य लांबते. ‘गणपतराव’, ‘सूर्यग्रहण’, ‘कर्मयोग’ अशा काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. एकान्तात बसून, पुन्हा पुन्हा खोडून लिहिणाऱ्याच्या हातून हे दोष टळले असते. पण मग दर आठवड्याला वाट पाहणारी माणसेही नसती. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत आहे हे ठाऊक असलेला लेखक कंटाळवाणा होऊ शकतो, परंतु तो वाचकाला विसरू शकत नाही. ‘मी’ आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या दोन कादंबऱ्यांत हे दोष फारच थोडे जाणवतात, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

‘मी’ या कादंबरीविषयी दोन शब्द अधिक लिहितो. तिचा नायक भावानंद हा संसाराचा मोह बाजूस सारून, अविवाहित राहून लोकसेवेला आयुष्य वाहणारा तरुण आहे. समाजसेवकांचा एक मठ असावा, त्यात सुशिक्षित तरुणांनी अल्प निर्वाहावर जन्मभर राहावे, ही कल्पना या कादंबरीत १८९३ ते १८९५ च्या दरम्यान मांडली गेली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला तो १९०५ मध्ये. कादंबरीतील कल्पना प्रत्यक्षात उतरलेली पाहण्याचे भाग्य फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येते. समर्पित जीवनाची कल्पना आपल्या वाचकांस नवी नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी एका गृहस्थाश्रमी संपादकाने ती आपल्या समाजासाठी इतक्या उत्कटतेने रंगविली, याचे आम्हांला अप्रूप वाटते.

त्यांच्या लघुकथांतही पत्रकाराची नजर दिसते. ‘करमणूक’मधील अशा गोष्टी पुढे ‘स्फुट गोष्टी’ या नावाने संग्रहित झाल्या आणि आधुनिक मराठी लघुकथेचा आरंभ तेथून मानला जातो. त्यांतील ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळात होरपळणाऱ्या एका गरीब खेडूत कुटुंबाची कथा आवर्जून वाचावी. १८९६-९७ च्या दुष्काळाने महाराष्ट्र हवालदिल झाला होता. ती कथा इंग्रजीत ‘रामजी’ या नावाने १८९७ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाली. सरकारी अहवालांत दुष्काळ म्हणजे आकडे होते. या कथेत त्याला नाव आणि चेहरा मिळाला.

त्याच पुण्यात पत्रकारिता आणि ललित लेखन यांचा मेळ घालणारी दुसरीही एक वाट होती, तीही येथे सांगितली पाहिजे. ‘केसरी’चे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ हे नाटक रंगभूमीवर आणले. पौराणिक कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. खाडिलकरांनी अग्रलेख नाटकात नेला. हरिभाऊंचा मार्ग सौम्य होता, त्यामुळे त्यांच्यावर ना खटला झाला ना बंदी आली. काहींना हा मवाळपणा वाटला. परंतु ज्या जुलमाविरुद्ध ते लिहीत होते त्याचा कर्ता साहेब नव्हता, तो आपल्याच घरात बसलेला होता, आणि त्याच्याशी लढण्यास सरकारशी लढण्याहून कमी धैर्य लागते असे आम्ही मानीत नाही.

लेखनाखेरीज हरिभाऊंच्या अंगावर कामे थोडी नव्हती. १८९४ मध्ये काका वारल्यावर आनंदाश्रमाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुण्याच्या नगरपालिकेत त्यांनी काम केले व तिचे अध्यक्षपदही भूषविले. ‘संत सखूबाई’ हे नाटक लिहिले, मोलियेरच्या एका प्रहसनाला ‘जबरीचा विवाह’ म्हणून मराठी वेष दिला. ‘गड आला पण सिंह गेला’, ‘चंद्रगुप्त’, विजयनगरच्या विनाशावरील ‘वज्राघात’ या कादंबऱ्या याच धबडग्यात लिहिल्या गेल्या. १९१२ मध्ये अकोला येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या वतीने त्यांनी मराठी भाषेवर व्याख्याने दिली. ज्याला पदवी मिळाली नव्हती, त्यालाच विद्यापीठाने व्याख्यानासाठी पाचारण केले. जाता जाता नमूद करतो, की अकोल्यानंतर १०८ वर्षांनी, २०२० मध्ये उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्षपद ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना लाभले. संपादकाच्या टेबलावर बसून साहित्य घडविण्याची परंपरा आपल्याही घरात आहे.

‘कर्मयोग’ ही सामाजिक कादंबरी १९१३ पासून ‘करमणूक’मध्ये येत होती. १९१७ पर्यंत ती रेंगाळत चालली आणि तेथेच थांबली. शरीर थकले होते. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात हरिभाऊंचे निधन झाले. पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर होता. मराठी साहित्याला ते वर्ष फार कठीण गेले. जानेवारीत राम गणेश गडकरी गेले, मार्चमध्ये हरिभाऊ, आणि मे महिन्यात ‘ज्ञानोदय’चे मराठी लेखन सांभाळणारे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही ‘कर्मयोगा’सारखेच अपुरे राहिले होते. ते पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.